‘केंद्रं लष्करबाहेर हलवा’: एका मेडिकलवाल्याचं उत्तर

दिवाळीनंतर एक निरोप ग्वाल्हेरच्या मराठी घरांत फिरतोय. मला तो चार जणांनी पाठवला, शेवटचा खुद्द सासऱ्यांनी. मजकूर असा: शहराच्या लष्कर भागात कंपूपासून महाराज बाड्यापर्यंत व्यसनमुक्ती केंद्रं, मनोविकारतज्ज्ञांचे दवाखाने आणि समुपदेशनाच्या खोल्या एकाला एक लागून झाल्या आहेत. त्यामुळे नशेबाज गोळा होतात, चोऱ्या वाढतात, घरांचे भाव पडतात. अमेरिकेतली शहरं अशीच बरबाद झाली, सोबत व्हिडिओ पाहा. शिवाय या लोकांना मोकळी हवा लागते, म्हणून त्यांच्याच भल्यासाठी हे सगळं शहराबाहेर हलवावं. खाली सह्या करा.

आधी माझा स्वार्थ सांगून टाकतो. माझं मेडिकल याच पट्ट्यात आहे, बावीस वर्षं झाली. ही केंद्रं उद्या उठली तर माझा गल्ला हलका होईल. तेव्हा माझं म्हणणं हा हिशेब धरूनच वाचा.

‘केंद्रं आली म्हणून नशेबाज आले’ हे पहिलं वाक्यच उलटं आहे. कंपूवर जयारोग्य हॉस्पिटल शिंदेशाहीपासून आहे, गजरा राजा मेडिकल कॉलेज १९४६ पासून. मोठ्या हॉस्पिटलभोवती डॉक्टर बसतात, डॉक्टरांभोवती लॅब, लॅबशेजारी आमच्यासारखे मेडिकलवाले, आणि त्यांच्या मधल्या फटीत चहावाला. डोळ्यांचे डॉक्टर असेच बसले, हाडांचे असेच बसले. दालबाजारात डाळवाले एकाला लागून का बसलेत हे कुणी विचारत नाही.

आता येतं कोण, ते काउंटरमागून दिसतं तसं सांगतो. सकाळी साडेनऊला शटर वर केलं की पहिल्या अर्ध्या तासात सात-आठ जण ठरलेले असतात. एक स्कूलबसचा ड्रायव्हर, मुलं सोडून आलेला, खाकी शर्ट घातलेला. एक बाई नवऱ्याला घेऊन येते. पैसे तिच्या रुमालाच्या गाठीत असतात, तो हात मागे बांधून उभा राहतो. डायसल्फिरामची, म्हणजे वर दारू घेतली तर त्रास होतो ती गोळी ती तिथेच, माझ्या माठातल्या पाण्याबरोबर त्याला घ्यायला लावते, मग ‘तोंड उघडा’ म्हणून तपासते आणि दोघं टेम्पो पकडायला निघून जातात. घरी दिली तर गालात धरून थुंकतो म्हणे. माझ्याकडून दुसरं काही घेत नाहीत, कधी एखादी खोकल्याची वडी तेवढी. निरोपात ज्यांना ‘जमाव’ म्हटलंय, तो हा.

स्मॅकवाल्यांची, म्हणजे हेरॉइनची नशा करणाऱ्यांची, गोष्ट वेगळी आहे, आणि जागेच्या वादात तीच सगळ्यांत महत्त्वाची. इंजेक्शनं टोचून घेणाऱ्यांसाठी सरकारी कार्यक्रमात ब्युप्रेनॉर्फिन ही स्मॅकची तलफ भागवणारी गोळी दिली जाते. ती जिभेखाली ठेवायची, आणि विरघळेपर्यंत देणाऱ्यासमोर बसायचं. निदान सुरुवातीला तरी हे रोज. रविवार नाही, होळी नाही. या गोळ्या केंद्रांनाच पुरवायच्या असतात, माझ्या फडताळात त्या नाहीत आणि नसाव्यातही. आता हिशेब करा. आपल्याच शहरातल्या हजीऱ्याला हमाली करणारा माणूस रोज कामाआधी गोळी घ्यायला जाणार. केंद्र लष्करात असेल तर टेम्पोने जाऊन-येऊन तासाभरात मोकळा. तेच नाक्यापलीकडे आठ-दहा किलोमीटरवर नेलं तर चार दिवस जाईल, पाचव्या दिवशी मजुरी बुडते म्हणून जाणार नाही, आणि सहाव्या दिवशी त्याला गोळी नाही मिळाली तरी स्मॅक मिळेलच. पुडी विकणारा नाक्यापलीकडे राहायला जात नाही.

चोऱ्यांचं म्हणाल तर या गल्लीत माझंही कुलूप एकदा तुटलंय. कुणी तोडलं ते मला ठाऊक नाही आणि निरोप लिहिणाऱ्यालाही नसणार. पण हा प्रश्न अभ्यासून पाहिलेले लोक आहेत. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये व्यसनमुक्ती केंद्रं, दारूची दुकानं आणि कोपऱ्यावरची किराणा दुकानं यांच्या आसपासचे हिंसक गुन्हे मोजून ताडून पाहिले होते. तो अभ्यास २०१६ चा. गुन्हे केंद्रांपेक्षा दारूच्या आणि किराणा दुकानांभोवती जास्त निघाले. अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका अभ्यासात एखाद्या भागात केंद्रं वाढली तसे गुन्हे घटलेले दिसले. ते आपलं शहर नव्हे, मान्य. पण निरोपाने अमेरिकेचा दाखला आधी काढलाय.

आपल्याकडचंच बोलायचं तर १ एप्रिल २०२३ पासून मध्य प्रदेशात दारूच्या दुकानांना लागून असलेले अहाते, म्हणजे बसून पिण्याच्या जागा, बंद झाले. चांगलं झालं असं मलाही वाटलं होतं. आता संध्याकाळी दारूच्या ठेक्याबाहेर रांगेने गाड्या उभ्या असतात, काचा वर, आत दिवा, बोनेटवर नमकीनची पुडी. त्या ठेक्याला लष्करबाहेर हलवा असा निरोप मला चौघांकडून सोडा, एकाकडूनही आलेला नाही.

घरांच्या भावाबद्दल मी निरोपाला पूर्ण खोटं ठरवणार नाही. व्हर्जिनियातल्या एका अभ्यासात केंद्राजवळच्या घरांचे भाव उतरलेले आढळले होते. नंतर सिएटलचे आकडे तपासणाऱ्यांना मात्र असा परिणाम दिसला नाही. त्यांचं म्हणणं, केंद्रं मुळातच स्वस्त भागात उघडतात, म्हणून आजूबाजूचे भाव कमी दिसतात. लष्करात भाडं कशाने पडतं ते इथला कुणीही सांगेल: गाडी लावायला जागा नाही, पाणी एक दिवसाआड, आणि जिना इतका उभा की सोफा चढत नाही.

आता तो व्हिडिओ. फुटपाथवर तंबू, वाकून उभी राहिलेली माणसं, आणि खाली हिंदीत ‘बॉस्टन का हाल’. जागा ओळखीची आहे: मॅसॅच्युसेट्स ॲव्हेन्यू आणि मेल्निया कॅस बुलेव्हार्ड जिथे मिळतात तो चौक, तिथले लोक त्याला ‘मास अँड कॅस’ म्हणतात. पण तिथे हे कसं झालं ते निरोपात नाही. बॉस्टनने बेघरांचा मोठा निवारा आणि व्यसनमुक्तीच्या खाटा बंदरातल्या लाँग आयलंड नावाच्या बेटावर ठेवल्या होत्या. शहराबाहेर, मोकळ्या हवेत, चारी बाजूंनी पाणी. आपल्या निरोपाला हवंय अगदी तेच. जायला एकच जुना पूल. ८ ऑक्टोबर २०१४ ला तो पूल धोकादायक ठरवून महापौरांनी बंद केला आणि शेकडो माणसं एका रात्रीत बेटाबाहेर पडली, उपचार अर्ध्यावर टाकून. पुढे त्या चौकाच्या आसपास, जिथे हॉस्पिटल आणि उरलेल्या सोयी होत्या, तिथे गर्दी साचत गेली. तंबूंना दुसरीही कारणं होती: घरांची भाडी होती, फेंटॅनिल नावाची जहाल नशा होती. पण हा व्हिडिओ ‘शहराबाहेर हलवा’च्या बाजूने दाखवणं म्हणजे साक्षीदार कुणाचा आहे ते न विचारताच त्याला पिंजऱ्यात उभं करणं झालं.

‘त्यांनाच मोकळी हवा लागते’ हा मुद्दा वरून मायाळू दिसतो, म्हणून त्याच्यावर जरा थांबतो.

माझा एक मावसभाऊ. दारू. २०११ मध्ये घरच्यांनी त्याला शहराबाहेरच्या एका केंद्रात ठेवलं. नाव सांगत नाही. शेतात दोन खोल्या, पत्र्याचं छत, पुढे कडुनिंब, हवा खरंच मोकळी. मावशी म्हणाली, ‘आश्रमासारखं आहे रे.’ शेवटचा पेग घेतल्यानंतरची तिसरी रात्र होती. तो भिंतीवरून मुंग्या वेचायला लागला. मुंग्या नव्हत्या. मग हात थरथरायला लागले, घामाने गादी भिजली, आणि तो कुणाला तरी हाका मारून पळायला लागला. तिथे डॉक्टर नव्हता, एक वॉर्डबॉय होता, तोही पूर्वी तिथेच दाखल असलेला. त्याने ‘नाटक करतोय’ म्हणून याला खाटेला बांधलं. सकाळी फोन आला आणि लोडिंग टेम्पोत घालून आम्ही त्याला लष्करात आणलं. मी त्याचं डोकं मांडीवर धरलं होतं. अंग तव्यासारखं तापलेलं.

रोज पिणाऱ्याने दारू एकदम तोडली की पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात हा भ्रम येऊ शकतो. वेळेवर उपचार नसतील तर त्यात माणूस जातो. म्हणजे दारू सोडतानाचा सगळ्यांत धोक्याचा आठवडा हा नेमका तोच, जो माणसाने हॉस्पिटलपासून दहा मिनिटांवर काढायला हवा. मावसभाऊ वाचला. त्यानंतर दोनदा पुन्हा प्यायला. दोन्ही वेळा तो स्वतः पायी ओपीडीत गेला, कारण ओपीडी त्याच्या वाटेवर होती. सध्या पीत नाही. पुढचं मी बोलत नाही, आमच्याकडे त्याची नजर लागते.

शहराबाहेरच्या हवेची आणखी दोन उदाहरणं आहेत. तामिळनाडूत एर्वाडीला ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे मनोरुग्णांच्या एका झापाच्या निवाऱ्याला आग लागली आणि २८ जण गेले. त्यांना साखळ्यांनी बांधलेलं होतं. दुसरं उदाहरण आपल्याच गावचं. जेल रोडवरच्या आपल्या मानसिक आरोग्यशाळेला आपण काय म्हणत आलो? ‘मेंटल’. ‘जास्त बोललास तर जेल रोडला पाठवू’ हे मी लहानपणी रोज ऐकलंय. तिथे आत काय चाललंय हे बाड्यावरच्या माणसाला कधी दिसलंच नाही. अशा ठिकाणच्या रुग्णांच्या हालांचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि ११ नोव्हेंबर १९९७ ला कोर्टाने आग्रा, रांची आणि ग्वाल्हेर या तीन मनोरुग्णालयांवर लक्ष ठेवायचं काम राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे सोपवलं. शहरातल्या दवाखान्याच्या खिडकीखाली निदान चहावाला तरी उभा असतो, त्याला किंकाळी ऐकू येते.

काही जणांनी निरोपाखाली लिहिलंय, ‘हा रोग नाही, मनाचा दुबळेपणा आहे.’ यावर वाद घालत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक स्थितींना मानसिक आजारात धरलंय, एवढं पुरे.

आता निरोपात जे खरं आहे ते. एकाच पट्ट्यात सगळं साचलंय, हे खरं आहे. भिंड, मुरैना, दतियाहून लोक इथेच येतात. श्योपूरचे तर पूर्वी छोट्या लाइनच्या रेल्वेने यायचे, २०२० मध्ये ती बंद पडल्यापासून बसने धक्के खात. पण ही गर्दी इथे केंद्रं फार झाली म्हणून नाही, तिकडे नाहीत म्हणून आहे. २०१९ मध्ये आलेल्या केंद्र सरकारच्या देशव्यापी पाहणीत दारूचं अवलंबित्व असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसलेतरी उपचार मिळाल्याचं दिसलं होतं. वर सांगितलेल्या कायद्याच्या कलम १८ मध्ये स्वच्छ लिहिलंय की मानसिक उपचारांसाठी कुणाला लांबचा प्रवास करायला लागू नये, सोय त्याच्या राहत्या जागेजवळ असावी. मुरारला एक उघडा, हजीऱ्याला एक उघडा, श्योपूरला तर आधी उघडा. लष्करातली गर्दी आपोआप पातळ होईल, आणि माझा गल्लाही. चालेल.

दुसरंही एक खरं आहे. या पट्ट्यात, आणि शहराबाहेर तर जास्तच, भाड्याच्या खोलीत पाटी लावून बसलेली काही दुकानं आहेत. पाटीवर हात जोडलेला फोटो, आत डॉक्टर कधीमधी, दाराला बाहेरून कडी. कायद्याच्या कलम ६५ प्रमाणे नोंदणीशिवाय अशी जागा चालवता येत नाही, आणि कलम ९५ प्रमाणे रुग्णाला साखळीने बांधायला साफ बंदी आहे. याविरुद्ध बोलायला मी तयार आहे. पण असल्यांना शहराबाहेर पाठवलं तर त्यांचं काहीच बिघडत नाही. त्यांना तेच हवंय.

तेव्हा सासऱ्यांना मी सांगितलं, या कागदावर सही करणार नाही. नोंदणी नसलेल्या जागा तपासा, मुरारला आणि हजीऱ्याला सरकारी केंद्र द्या, असा अर्ज कलेक्टरांना लिहायचा असेल तर पहिली सही माझी. कागद दुकानातच ठेवा. दुपारी दोन ते चार बंद असतं, तेवढं सोडून कधीही या.