जुनी व्हिंटेज पोर्ट: वाद घालण्याआधी बाटलीकडे बघा

चाळीस वर्षांची व्हिंटेज पोर्ट, म्हणजे पोर्तुगालची गोड, कडक वाइन, उघडली की टेबलावर हमखास दोन तट पडतात. एक म्हणतो, आत्ता कुठे रंगात आलीय. दुसरा म्हणतो, संपली, दहा वर्षांपूर्वीच प्यायला हवी होती. मग कुणीतरी मिटवामिटवी करतं, "ज्याची त्याची आवड." मला हे पटत नाही. यातले बरेच वाद आवडीचे नसतातच. बाटली कशी उघडली आणि कधी चाखली, तिथेच फरक पडलेला असतो.

गोव्याहून लोक जी गोड लाल 'पोर्ट' आणतात, तिचा इथे फक्त नावापुरता संबंध. खरी पोर्ट उत्तर पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली. रस अर्धवट आंबला की त्यात ७७ टक्के अल्कोहोलचं द्राक्षाचं मद्य घालतात, साधारण ४३५ लिटरला ११५ लिटर. आंबणं थांबतं, साखर उरते आणि अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास जातं. व्हिंटेज पोर्ट एकाच वर्षाच्या द्राक्षांची असते. लाकडात दोनेक वर्षं राहून ती न गाळता बाटलीत जाते आणि पुढचं सगळं आयुष्य तिथेच काढते. म्हणजे प्रत्येक बाटली आपापल्या बुचाच्या भरवशावर म्हातारी होते. एकाच पेटीतल्या दोन बाटल्या चाळीस वर्षांनी सारख्या लागतीलच असं नाही. त्यामुळे "मी हीच प्यायलोय, अशी नव्हती" या म्हणण्याला फारसा अर्थ नाही.

न गाळल्यामुळे बाटलीत जो गाळ साचतो, त्याची गोष्ट मात्र पूर्ण आपल्या हातात आहे. बाटली किमान २४ तास, जमल्यास ४८ तास उभी ठेवा. जुनं बूच आतपर्यंत भिजलेलं असतं, साध्या स्क्रूने मधेच तुटतं. दोन पात्यांचा ओपनर हलवत हलवत खाली सरकवा. तुकडे आत पडले तरी घाबरू नका, वाइन त्याने खराब होत नाही. मानेखाली टॉर्च धरून एका धारेत, मधे न थांबता डिकँटरमध्ये (वाइन ओतून ठेवायच्या काचेच्या सुरईत) ओता. थांबलात की मागे गेलेली लाट गाळ ढवळते. मानेत काळी रेघ दिसली की हात आवरा. तळाचे ५०-६० मिली सोडून द्या. मलमलचं फडकं वापरणार असाल तर आधी नुसत्या गरम पाण्यात उकळून घ्या, साबणाचा वास वाइनला लगेच लागतो. हे नीट झालं नाही तर पहिल्या ग्लासवाल्याला रेशमी वाइन मिळते आणि शेवटच्याला कडवट, रेताड. मग दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात.

तापमान १६ ते १८ अंश हवं. मुंबईच्या ३० अंशांच्या खोलीत नाकाला आधी अल्कोहोलच झोंबतं आणि चांगली वाइन 'घसा जाळते' म्हणून नापास होते. ओतण्याआधी डिकँटर अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. ग्लास ट्यूलिपच्या आकाराचा, ओतायची ६० मिली. पहिला घोट चीज किंवा गोड काही खाण्याआधी घ्या. गोडाचं जेवण झाल्यावर हीच वाइन तुरट आणि आंबट लागते.

आता कुबट वासाबद्दल, कारण इथेच सगळ्यात जास्त गफलत होते. इतकी वर्षं बंद असलेल्या बाटलीला सुरुवातीला कोंदट वास येतो, तो तासाभरात जातो. बुचातल्या टीसीए या द्रव्याचा ओल्या पुठ्ठ्यासारखा वास मात्र जात नाही, हवेत उलट उघडा पडतो आणि फळाची चव मारून टाकतो. तो ओळखण्याची कुवत प्रत्येक नाकाची वेगळी. सहा जणांत एकालाच आला तरी त्याचं ऐका, तासाभराने पुन्हा हुंगा. इथे बहुमत चालत नाही. व्हायोलेट फुलांच्या सुगंधाचंही तसंच: त्यामागचं बीटा-आयोनोन काहींना ठळक जाणवतं, काहींना जवळजवळ नाहीच, आणि याचं बरंचसं कारण जनुकांत आहे. न जाणवणाऱ्याला "नाक तयार कर" म्हणणं अन्याय आहे.

एवढं सगळं वगळून जो मतभेद उरतो, तो खरा. त्याची मला कदर आहे. कुणाला काळ्या फळांचा जोर हवा असतो, कुणाला सुकं अंजीर, चहापत्ती आणि विरत गेलेला तुरटपणा. डाऊची पोर्ट जरा कोरडी, ग्रॅहमची गोड. दोन्ही घरं, म्हणजे पोर्ट बनवणाऱ्या कंपन्या, सिमिंग्टन कुटुंबाचीच. आणि ज्यांचा हा पिढीजात धंदा, त्यांचं तरी कुठे एकमत होतं? १९९१ साल बहुतेक घरांनी व्हिंटेज जाहीर केलं, म्हणजे त्या सालची व्हिंटेज पोर्ट काढण्याइतकं चांगलं ठरवलं. टेलर आणि फोन्सेका या घरांनी ते सोडून १९९२ निवडलं. खोरं तेच, हंगाम तेच, निवाडे दोन.

म्हणून शंभरपैकी दिलेल्या गुणांची सरासरी काढू नका. तिघांचे ९५ आणि तिघांचे ८० मिळून येणारे साडेसत्त्याऐंशी त्या टेबलावर कुणाचंच मत नसतं. उघडल्या उघडल्या, दोन तासांनी आणि पाच तासांनी, प्रत्येकाने न बोलता लिहावं. मोठ्याने बोललेला पहिला शब्द सगळ्यांच्या जिभेवर बसतो. शेवटी १०० मिली छोट्या बाटलीत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी "संपली" म्हणणाऱ्याला आधी द्या.