लिस्बनमधलं कुलूप

१९ डिसेंबर, म्हणजे गोवा मुक्तिदिन आला की माझ्या टाइमलाइनवर तेच भांडण. एक गट म्हणणार, लष्कराचं दीड-दोन दिवसांचं काम, नेहरू चौदा वर्षं पत्रं लिहीत बसले. दुसरा शांततेच्या मार्गाचे गोडवे गाणार. मला दोघांचंही पटत नाही.

पत्रं लिहिली यात चूक काहीच नाही. १९४९ मध्ये पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनला वकिलात उघडली, फेब्रुवारी १९५० मध्ये 'गोव्याच्या भवितव्यावर बोलू या' असं रीतसर कळवलं. तिथला हुकूमशहा सालाझारचं उत्तर ठरलेलं, बोलण्यासारखं काही नाहीच! १९५१ मध्ये त्याने घटना दुरुस्त करून वसाहतींवर 'सागरापारचे प्रांत' अशी पाटी लावली. म्हणजे गोवा पोर्तुगालच्या घरातली खोली, शेजाऱ्याने विचारायचंच नाही. लबाडीच, पण बेरकी.

वैतागून आपण जून १९५३ मध्ये वकिलातीला कुलूप घातलं. १९५५ मध्ये दिल्लीतली त्यांचीही बंद करायला लावली. माझं भांडण इथे आहे. कुलूप घालताना पुढची पायरी कुणी ठरवली होती? १९५५ च्याच १५ ऑगस्टला सत्याग्रही निःशस्त्र गोव्यात गेले आणि पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या. गेल्या दिवाळीत गोव्याच्या हद्दीवर, पत्रादेवीला त्यांच्या स्मारकापाशी उतरलो होतो. बाकी मंडळी गाडीतच, बांद्याच्या तपासणी नाक्यावर डिकी उघडायला लावतील का या चिंतेत. असो.

या कुलपाची किंमत कुणी मोजली, तर मोहन रानड्यांनी. सांगलीचा माणूस, गोव्यात सावईवेऱ्याला मराठी शिकवायला गेला आणि आझाद गोमंतक दल या सशस्त्र संघटनेत शिरला. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन सापडला. शिक्षा २६ वर्षांची, तुरुंग थेट पोर्तुगालमधला.

डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मोकळा झाला. हजारो पोर्तुगीज सैनिक आपल्या ताब्यात आले. १९६२ मध्ये आपण त्यांना घरी धाडलं. रानडे मात्र कोठडीतच. इतके कैदी हातात असताना एक माणूस सोडवता येऊ नये? वकिलात नाही, राजदूत नाही, विचारायचं तर तिसऱ्याच्या तोंडून. मग इकडे पुलं आणि सुधीर फडके सुटकेसाठी समिती चालवतायत, तिकडे तामिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई व्हॅटिकनला जाऊन थेट पोपना गळ घालतायत. एका शिक्षकासाठी गायक, लेखक आणि पोप लागले, परराष्ट्र खातं पुरलं नाही.

रानडे सुटले जानेवारी १९६९ मध्ये. गोवा मुक्त होऊन सात वर्षं उलटली होती. पोर्तुगालने गोवा भारताचा हे मान्य केलं ते आणखी पुढे, ३१ डिसेंबर १९७४ ला, तेही तिकडची हुकूमशाही कोसळल्यावर.

कमेंटमध्ये नेहरू-पटेल सुरू करायचं तर खुशाल करा. फक्त आधी ती सात वर्षं कुणाच्या खात्यावर लिहायची, तेवढं सांगा.