रडू आले म्हणजे साधना फळली, असे नव्हे

प्राणायाम करताना छाती दाटून येणे, शवासनात एकाएकी डोळे भरून येणे किंवा काही कारण नसताना संताप उसळणे, हे अनुभव सोलापुरातल्या सकाळच्या योगवर्गांत अनेकांना येतात. पण त्याविषयी मोकळेपणाने बोलले जात नाही, आणि बोलले गेलेच तर ‘मनातला मळ निघतोय, चालू ठेवा’ एवढ्यावर विषय मिटवला जातो. हा सल्ला मला धोक्याचा वाटतो.

विजापूर रोडवरच्या आमच्या वर्गात जलद भस्त्रिका, म्हणजे भात्यासारखा जोरजोरात श्वास घेण्या-सोडण्याचा प्राणायाम, चालू असताना शेजारच्या ताईंची बोटे आखडली, ओठांभोवती मुंग्या आल्या आणि त्या घाबरून थरथरू लागल्या. समोरून सूचना मात्र ‘थांबू नका’ अशीच येत राहिली. वेगाने आणि खोल श्वास घेत राहिल्यास रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, चक्कर येते, मुंग्या येतात. त्या वेळची भीती खरीच असते, पण तिच्यात जुन्या दुःखाचा अर्थ शोधण्याआधी श्वासाचा वेग उतरवायला हवा. ताईंनी डोळे उघडले, पाय सोलापुरी चादरीवर घट्ट टेकवले, श्वास आपल्या गतीने येऊ दिला, तशी बोटे हळूहळू सैल झाली.

रडण्याचे थोडे निराळे आहे. घर, नोकरी, आजारपणे यांच्या धबडग्यात बाजूला सारलेले दुःख निवांतपणा मिळताच वर येऊ शकते. ते दाबू नये, तसेच मुद्दाम उकरूही नये. कुशीवर वळावे, हवे तर उठून बसावे. शिक्षकांनी अशा वेळी सर्वांसमोर ‘काय झाले?’ असे विचारू नये, जवळ पाणी ठेवून शांतपणे बाजूला व्हावे.

सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच प्राणही वश करावा, एरवी तो साधकाचाच घात करतो, असे हठप्रदीपिका या हठयोगावरच्या जुन्या ग्रंथात स्पष्ट सांगितले आहे. मग ‘जोर लावा’ हा आग्रह कोणत्या परंपरेतला?

अपस्मार, उच्च रक्तदाब, गरोदरपण किंवा पूर्वी येऊन गेलेले पॅनिक अटॅक यांची विचारपूस जलद श्वसन शिकवण्याआधी, तीही एकांतात, व्हायलाच हवी. वर्गानंतरही धास्ती ओसरत नसेल, झोप उडाली असेल, तर तो अभ्यास थांबवून मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या निःशुल्क क्रमांकावर मराठीतही बोलता येते.