घटनेने अनुदानाला बंदी कुठे घातली आहे?

गेल्या आठवड्यात आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर एकच मजकूर चार वेळा आला, दर वेळी वेगळ्या माणसाकडून. सार असे: ‘सरकार खासगी संस्थांना देते तो प्रत्येक रुपया घटनाबाह्य आहे. घटनेत तशी तरतूदच नाही. धर्मसंस्थांच्या शाळांना पैसा देणे म्हणजे कलम २७चा भंग. अमेरिकेत असले काही चालत नाही. आणि एकदा पैसा गेला की हिशेब विचारणारा कोणी नाही.’ खाली ‘पुढे पाठवा’ होतेच. ठाण्यातल्या एका अनुदानित शाळेच्या कार्यालयात माझी उभी नोकरी गेली. गप्प बसवेना.

‘तरतूदच नाही’ म्हणणाऱ्याने कलम २८२ उघडून पाहिलेले नाही. केंद्राला किंवा राज्याला कोणत्याही सार्वजनिक प्रयोजनासाठी अनुदान देता येते, तो विषय त्यांच्या कायदे करण्याच्या कक्षेत नसला तरी, असे ते सांगते. पैसे घेणारी संस्था सरकारीच हवी, असे त्यात कुठेही नाही. बरे, २८२ बाजूला ठेवू. कलम ३०(२) म्हणते, शिक्षणसंस्थांना साहाय्य देताना एखादी संस्था अल्पसंख्याकांच्या व्यवस्थापनाखाली आहे एवढ्यावरून डावे-उजवे करू नका. २९(२) म्हणते, सरकारी साहाय्य घेणाऱ्या शाळेने केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा पाहून कोणाला प्रवेश नाकारू नये. देण्यालाच मनाई असती तर हे लिहायचे कशाला? लग्नच ठरवायचे नाही, तर मानपानाची यादी कोण करत बसतो?

मुळात ही पद्धत घटनेहून जुनी. ब्रिटिश काळातल्या शिक्षणधोरणाच्या, म्हणजे १८५४च्या वूडच्या खलित्यात खासगी शाळांना अनुदान देण्याची शिफारस होती. घटनाकारांपुढे ती चालू व्यवस्था होती. ती त्यांनी मोडली नाही, तिला अटी घातल्या.

त्या अटींना दात आहेत हे आपल्याच राज्यात, म्हणजे तेव्हाच्या मुंबई राज्यात, लगेच दिसले. देवळालीचे बार्न्स हायस्कूल ही अँग्लो-इंडियन शाळा म्हणून मान्यता असलेली, सरकारी साहाय्य घेणारी इंग्रजी माध्यमाची शाळा. जानेवारी १९५४मध्ये राज्य सरकारने हुकूम काढला की मातृभाषा इंग्रजी नसलेल्या बहुतेक मुलांना अशा शाळांनी नव्याने घेऊ नये. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि त्याच वर्षी हुकूम रद्द ठरला. कलम ३३७नुसार या शाळांना अनुदान हवे असेल तर दरवर्षी किमान ४० टक्के प्रवेश इतर समाजांना खुले ठेवावे लागत. सरकारचा हुकूम नेमका ती अट पाळणे अशक्य करत होता. पैसा खासगी शाळेला गेला आणि त्यामुळेच तिचे दार इतरांना उघडे राहिले. फॉरवर्डमध्ये यातले काही असणार नव्हतेच.

आता कलम २७. फॉरवर्डमधला हाच भाग थोडा वजनदार आहे. ज्या कराचे उत्पन्न एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी खास राखून ठेवले आहे, असा कर कोणावर लादता येत नाही, एवढे ते कलम सांगते. ट्रस्टच्या नावात संताचे किंवा देवाचे नाव आहे म्हणून त्याच्या शाळेतल्या गणिताच्या शिक्षकाचा पगार धर्मसंवर्धन ठरत नाही. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण नको, आणि साहाय्य घेणाऱ्या शाळेत ते असले तर कोणावर सक्ती नको, ही विभागणी कलम २८मध्ये आहे. पण एक कबूल करतो. हज अनुदानाच्या खटल्यात २०११मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले की एकूण कराचा मोठा हिस्सा एखाद्या धर्मासाठी वापरला तरच कलम २७ मोडते, लहानसा हिस्सा चालतो. मला ही मोजपट्टी सैल वाटते. मोठा म्हणजे किती? (ते अनुदान २०१८मध्ये बंद झाले, तो भाग वेगळा.)

अमेरिकेबद्दल दोन वाक्ये पुरेत. कॅथलिक शाळेत जाणाऱ्या मुलांचे बसभाडे सरकारी पैशातून परत देणे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९४७मध्येच वैध ठरवले. आणि तिथे काहीही असो, आपली घटना आपली आहे.

‘हिशेब विचारणारा कोणी नाही’ हे वाचून मात्र हसू आले. अनुदानित शाळेत शिक्षकाचा पगार संस्थेच्या गल्ल्यात येतच नाही. शालार्थ या सरकारच्या ऑनलाइन पगारप्रणालीत बिल भरायचे, ते शिक्षण खात्याच्या वेतन पथकाकडे जाते आणि पैसे थेट शिक्षकाच्या खात्यात पडतात. पटावरची मुले घटली की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवणाऱ्या सरकारी मंजुरीत, पद जाते, शिक्षक अतिरिक्त ठरतो. त्या शिक्षकाच्या नेमणुकीला शिक्षण खात्याची वैयक्तिक मान्यता नसेल तर बिलच निघत नाही. वेतनेतर (पगाराव्यतिरिक्त खर्चाच्या) अनुदानाच्या पावत्या लावताना आमची संध्याकाळ व्हायची. वर्षाला किमान २५ लाख रुपये, आणि संस्थेच्या खर्चाच्या किमान ७५ टक्के, एवढे अनुदान असेल तर १९७१च्या कायद्याने कॅग, म्हणजे देशाचे महालेखापरीक्षकही, दप्तर तपासू शकतात. सरकारकडून लक्षणीय अर्थसाहाय्य घेणाऱ्या खासगी संस्था माहिती अधिकारात येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये एका महाविद्यालयाच्या प्रकरणात सांगितले.

ग्रुपवर एका निवृत्त मुख्याध्यापकांनी उलट टोक गाठले: ‘अनुदान हा आमचा हक्कच.’ तेही नाही, सर. अनुदान हा मूलभूत हक्क नाही, अटी मान्य नसतील तर संस्थेने ते घेऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाचा २०२१चा निकाल सांगतो.

मला खटकते ते तिसरेच. ज्या मदतीला कोणी अनुदान म्हणत नाही तिच्याकडे कोणाचे लक्ष नसते. खाडीपलीकडे नवी मुंबईत सिडको या सरकारी शहरविकास कंपनीने शाळा-रुग्णालयांना सवलतीच्या दराने भूखंड दिले. तोही जनतेचाच पैसा, फक्त जमिनीच्या रूपात. धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या, असे सार्वजनिक विश्वस्त कायद्याचे कलम ४१अअ सांगते. फॉरवर्ड पाठवणाऱ्या चौघांना मी एवढेच विचारले: तुमच्यापैकी कोणी आजवर धर्मादाय रुग्णालयाच्या खिडकीवर ‘आज निर्धनांच्या किती खाटा रिकाम्या आहेत?’ असे विचारले आहे का? तीन निळ्या खुणा आल्या. चौथ्यांनी विचारले, ‘हे ४१अअ कुठे वाचायला मिळेल?’