६/६ दिसतं म्हणजे डोळे ठीक, असं नाही

पिट्युटरी ही मेंदूच्या तळाशी असलेली, हार्मोन्स तयार करणारी ग्रंथी. तिच्यात गाठ झाली की 'नजर अंधुक होते', एवढंच या आजारावरच्या एका लेखात वाचलं. पण सुरुवातीला बहुतेकदा अंधुक होत नाही, बाजूचं दिसणं जातं. ग्रंथीच्या साधारण १ सेंटिमीटर वर दोन्ही डोळ्यांच्या नसांची फुली असते. तिथे ओलांडून जाणारे तंतू कानाकडच्या बाजूचं दृश्य नेतात. गाठ खालून दाबते, म्हणून आधी कानाकडचा वरचा कोपरा जातो, मग खालचा. समोरचं नीट दिसत असल्याने चष्म्याच्या दुकानात तक्ता ६/६ वाचला जातो, आणि रावेर-यावल रस्त्यावर बाजूने आलेली मोटारसायकल मात्र दिसत नाही. वय झालं की मोतीबिंदूवर ढकलून मोकळे!

तक्ता एकेका डोळ्याने वाचायला लावा. उजवा डोळा उजवीकडची अक्षरं गाळतो, डावा डावीकडची. लाल टोपण नाकासमोरून कानाकडे नेताना मधली रेघ ओलांडताच फिकं पडलं, तर पेरिमेट्री (बाजूचं किती दिसतं ते मोजणारी तपासणी) करायलाच हवी. त्यानंतर पिट्युटरीचा कॉन्ट्रास्ट एमआरआय, सोबत रक्तातल्या प्रोलॅक्टिन, कॉर्टिसॉल, थायरॉइड या हार्मोन्सची तपासणी. प्रोलॅक्टिन जाम वाढलेलं असेल तर ऑपरेशन नाही, कॅबरगोलिनच्या गोळ्यांनीच गाठ बऱ्याचदा आक्रसते. म्हणून प्रोलॅक्टिनची तपासणी ऑपरेशनच्या आधीच. बाकीच्या, डोळ्यांच्या नसा दाबणाऱ्या गाठी सहसा नाकातून काढतात. ओसीटीत (डोळ्याच्या पडद्याचे थर दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये) नसेचा थर पातळ झालेला नसेल तर नजर परतायची आशा जास्त.

अचानक भयंकर डोकेदुखी, उलट्या, पापणी पडणं, दोन-दोन दिसणं: गाठीत रक्तस्राव झालेला असू शकतो. जळगाव-धुळ्याच्या मोठ्या रुग्णालयात तेव्हाच्या तेव्हा हलवा, सकाळची वाट पाहू नका.