अकरा गुंठ्यांचे जमीनदार

खोऱ्यात जागा बघायला जायचं तर ऑगस्टमध्येच जा. मुळशी, मुठा, मोसे, कोळवण, पवन मावळ, कुठलंही खोरं घ्या, ऑगस्टमध्ये तिथला खडकसुद्धा हिरवा असतो. समोरच्या डोंगरावरून पांढऱ्या रेघा उतरत असतात, भातखाचरं तुडुंब भरलेली असतात आणि एजंट ज्याला 'बारमाही ओढा' म्हणतो तो खरोखर वाहत असतो. एप्रिलमध्ये चुकूनही जाऊ नका. एप्रिलमध्ये त्या ओढ्यात नुसते गोटे असतात, बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघत असतात आणि आपल्याला नको ते प्रश्न सुचायला लागतात.

'पुण्यापासून फक्त पंचेचाळीस मिनिटं' या वाक्यावर उगाच संशय घेऊ नका. पंचेचाळीस मिनिटं खरी आहेत. मंगळवारी पहाटे साडेचारला चांदणी चौकातून निघून कुणीही मोजावीत. आता तुम्ही शनिवारी सकाळी नऊला निघणार आणि उरलेलं निम्मं कोथरूड तुमच्याआधी पिरंगुटच्या घाटात जाऊन उभं असणार, त्याला एजंट काय करणार? तेही सगळे शांततेच्याच शोधात निघालेले असतात.

'लेक व्ह्यू'ला जरा जास्त पैसे पडतात, ते द्या. फक्त ते तळं नसून धरण आहे, एवढं मनात ठेवा, म्हणजे पाहुण्यांसमोर फजिती होणार नाही. मुळशीच्या धरणाखाली जमिनी जाऊ नयेत म्हणून १९२१ मध्ये इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते याच लढ्यात. धरण व्हायचं ते झालंच. तेव्हा या खोऱ्यात जमिनीपायी डोकं फिरलेले तुम्ही पहिले नाही, हा केवढा दिलासा. पवना धरणात वाघेश्वराचं जुनं देऊळ आहे. एरवी ते पाण्याखाली असतं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं. म्हणजे चार महिने लेक व्ह्यूच्या भावात टेंपल व्ह्यू. हे माहितीपत्रकात का छापत नाहीत कोण जाणे.

आता मुख्य अडचण. तुम्ही शेतकरी नाही. १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन सरसकट विकत घेता येत नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. घाबरू नका. महाराष्ट्रात प्रत्येक आयटीवाल्याच्या मागे तीन पिढ्यांवर एक सातबारा उभा असतो. तुमचाही असेल, साताऱ्याकडे कुठेतरी, आणि तो एका चुलतभावाच्या ताब्यात असेल, ज्याच्याशी आजोबांच्या तेराव्याला बोलणं बंद झालं ते झालंच. त्याला फोन लावा. आधी तब्येतीची चौकशी करा, मग पावसापाण्याची. 'यंदा ऊस कसाय?' असं विचारा, मात्र त्याच्याकडे ऊस आहे की नाही याची आधी खात्री करून घ्या. मी विचारलं तेव्हा पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग तो म्हणाला, 'जमीन घेतोयस का कुठं?'

खेड्यातल्या माणसाला काही कळत नाही, या समजावर तुमचा अजून विश्वास असेल तर तो इथेच सोडा. वारसनोंदीसाठी त्याला एक सही करायची असते आणि त्या एका सहीची किंमत त्याला तुमच्यापेक्षा चांगली कळते. आम्ही विहिरीवरचा आमचा वाटा सोडला, आजीच्या पाटल्यांचा विषय कायमचा मिटवला, आणि मी शेतकरी झालो. फेरफार मंजूर झाल्याचा मेसेज आला तेव्हा मी वाकडच्या ऑफिसात स्टँडअप मीटिंगमध्ये उभा होतो. डोळे पाणावले हो. मातीशी नातं म्हणतात ते हेच असावं.

किती जागा घ्यायची? स्वप्नात एक एकर असते, म्हणजे चाळीस गुंठे. जाहिरातीत अकरा असतात. अकराच का, याचं उत्तर १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यात आहे. २०२३ मध्ये शासनाने बहुतेक जिल्ह्यांसाठी जिरायतीला वीस आणि बागायतीला दहा गुंठे अशी किमान मर्यादा ठरवली. म्हणून दहा गुंठे कायद्यासाठी आणि अकरावा शकुनाचा, आहेराच्या पाकिटावरच्या रुपयासारखा. जमीन बागायत दिसायची तर सातबाऱ्यावर विहीर असली की बरं पडतं. ती कधीकधी आधी कागदावर खणली जाते. पाणी नंतर लागतं, किंवा लागत नाही.

अकराही झेपत नसतील तर दोन गुंठे घ्या, सामाईक सातबाऱ्यावर. यात पाच अनोळखी कुटुंबांबरोबर तुमचं नाव एका कागदावर येतं. मग विकायचं असो, वाटप करायचं असो की कर्ज काढायचं असो, सगळ्यांच्या सह्या गोळा करत फिरायचं. भावाबरोबर एक मोरी नको म्हणून सख्खी घरं फोडून वेगळी झालेली आपली माणसं इथे हौसेने, वर पैसे मोजून, पाच परक्यांचे भाऊबंद होतात.

कागदपत्रं वकिलाला दाखवू नका. वकील विनाकारण प्रश्न काढतो. जमीन भोगवटादार वर्ग एकची आहे की दोनची, इतर हक्कात कुळाचं नाव आहे का, सोसायटीचा बोजा उतरलाय का, तीस वर्षांचे फेरफार काढलेत का. एवढी अरसिक माणसं डोंगरात कशाला न्यायची? आमच्या जागेला तेरा वारस होते आणि साठेखतावर बारा सह्या झाल्या. मी तेराव्या नावाबद्दल विचारलं. 'ती व्हय? आमची आत्या. भिवंडीला दिलीय. ती काय करतीय, घरचीच हाय,' असं सगळ्यांनी एका सुरात सांगितलं. आता २००५ पासून मुलीलाही वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा आहे, हे मी कुठेतरी वाचलं होतं. पण समोर इंद्रधनुष्य पडलं होतं आणि मातीच्या वासापुढे कलमं सुचत नाहीत.

आत्या मोजणीच्या दिवशी आल्या. नऊवारी, हातात वायरची पिशवी, सोबत नातू. नातू वकील होता.

मोजणी ही एकदा तरी याचि डोळा बघावी अशी गोष्ट आहे. भूमी अभिलेखचा माणूस काठीला रोव्हर लावून येतो आणि आकाशातल्या उपग्रहांना विचारून तुमची हद्द सांगतो. उपग्रहांना गावात कुणी विचारत नाही. शेजारचा म्हणतो, बांध त्या जांभळीपासून आहे. जांभूळ कुठंय? तोडली. कधी? 'तुमच्या जन्माच्या आधी.' संध्याकाळपर्यंत असं निघालं की माझ्या कुंपणाचे चार खांब शेजाऱ्याच्या खाचरात आहेत, आणि ज्या रस्त्याने आम्ही गाडी आणली तो रस्ता नसून एका म्हातारबांचा चांगुलपणा आहे. 'रोड टच' याचा अर्थ त्या दिवशी कळला. रस्त्याला नुसता हात लागतो, रस्ता आपला नसतो.

तरीही घर बांधाच. फार नाही, दोन खोल्या आणि पडवी. परवानगीच्या भानगडीत पडलात तर महसूल कायद्याच्या कलम ४१ मध्ये शेतघरासाठी ०.४ हेक्टर, म्हणजे जवळजवळ पूर्ण एकराची भाषा सुरू होते. अकरा गुंठेवाल्याने तिथे विषय बदलावा. त्याच कायद्यात शेतावरची इमारत कशाला म्हणायचं तेही दिलंय. शेतीची अवजारं, खत, वैरण ठेवायला, पीक साठवायला, गुरं बांधायला, आणि धारकाचं कुटुंब, नोकर, कुळं यांना राहायला. मी तीनदा वाचलं. बार्बेक्यू खतात धरायचा की वैरणीत, हे काही ठरेना.

घराला चपटं छत आणि पश्चिमेला अख्खी काचेची भिंत करा. गावातली सगळी घरं उतरत्या छपराची आणि बारक्या खिडक्यांची असतात, पण त्यांना सौंदर्यदृष्टी नाही म्हणून. पुण्यात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस होतो. ताम्हिणीच्या अंगाला जसजसं सरकाल तसतसा तो काही हजारांत जातो, आणि तो वरून पडत नाही, आडवा येतो. पहिल्या जुलैत पडवीतला झोपाळा हिरवा झाला, दुसऱ्या जुलैत गाद्या. कपाटात ठेवलेल्या चामड्याच्या चपलेवर पांढरी मिशी उगवली. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांनी तिचाही फोटो काढला.

जमीन उताराची असेल तर जेसीबी बोलवा. खोऱ्यात कोंबड्याच्या आधी आवाज येतो तो जेसीबीचा. डोंगराच्या पोटात सरळ कापून सपाट अंगण काढायचं, वर दगडी भिंत. उतार १:५ पेक्षा जास्त असेल तर बांधकाम करू नये असा नियम आहे खरा, पण रविवारी कोण मोजायला येतंय? पाण्याची जुनी वाट मातीने बुजते, मग ते स्वतःची नवी शोधतं. आमच्याकडे त्याने स्वयंपाकघरातून काढली. (माळीणला ३० जुलै २०१४ ला काय झालं, ते अशा वेळी आठवू नये. झोप लागत नाही.)

एकदा राहायला गेलात की गाव सुधारायला घ्या. प्लॉटधारकांचा व्हॉट्सॲप ग्रुप असतोच. भैरवनाथाच्या जत्रेत रात्री बारापर्यंत स्पीकर, लिहा. सकाळी शेणाचा वास, लिहा. म्हशी रस्त्याच्या मधून चालतात, फोटोसकट लिहा. आमच्या ग्रुपवर एकाने विचारलं होतं की पेरणीच्या वेळी ट्रॅक्टर जरा दहानंतर लावता येणार नाही का. मग रस्ता रुंद हवा, दिवे हवेत, वीज जाता कामा नये, दहा मिनिटांत किराणा यायला हवा. दोन-चार वर्षांत हे सगळं येतं, आणि मग ग्रुपवरच कुणीतरी कळवतं की इथे आता पूर्वीची शांतता राहिली नाही, वेल्ह्याच्या पलीकडे एक खोरं आहे, अजून कुणाला माहीत नाही. पत्ता सगळ्यांना पाठवतं.

राखणीला माणूस लागतोच. तो शोधायला लांब जावं लागत नाही, ज्याची जमीन घेतली तोच मिळतो. पैसे आले त्या वर्षी धाकट्याचं लग्न आणि थोरल्याची बोलेरो झाली, आणि आता काका महिना ठरवून आपल्याच बांधावर गेटची किल्ली सांभाळतात. त्यांना 'साहेब म्हणू नका, नावाने हाक मारा' असं आवर्जून सांगा. ते साहेबच म्हणतात.

परवा लॉनवर खुर्च्या टाकून बसलो होतो. हे लॉन मी हट्टाने करून घेतलं, खाचराचे बांध मोडून, लाल माती टाकून, रोलर फिरवून. बायकोची मैत्रीण आली होती. मुळशीचा आंबेमोहर फार ऐकलाय, दुकानातला नको, अस्सल घरचा हवा, असं तिचं चाललं होतं. काका गवताला पाणी घालत होते. म्हटलं, काका, तुमच्या घरचा आंबेमोहर मिळेल का पाच-दहा किलो? पैसे देऊ.

काकांनी पाइप खाली ठेवला. आमच्या खुर्च्यांकडे बघितलं.

'व्हता की साहेब. तुमी बसलाय तिथंच व्हता.'

मग त्यांनी पाइप उचलला आणि मैत्रिणीला जरा पाय वर घ्यायला सांगितले.