खुलासा : लिंबूवर्गीय फळे तडकण्याविषयी
लिंबूवर्गीय फळे तडकणे हा बुरशीजन्य रोग असून बुरशीनाशक फवारल्यास तो थांबतो, असा संदेश सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. जमीन कोरडी पडल्यावर एकदम भरपूर पाणी मिळाले की गर झपाट्याने फुगतो आणि साल तेवढी ताणली न गेल्याने फळ उकलते, बहुधा देठाच्या विरुद्ध टोकाकडून. नुकतेच तडकलेले फळ हातात घेऊन पाहावे : चिरेच्या कडा स्वच्छ असतात, बुरशी येते ती नंतर, उघड्या पडलेल्या गरावर. पालाश (पोटॅश) या अन्नद्रव्याच्या कमतरतेनेही साल पातळ राहते. नियमित पाणी आणि आळ्यात आच्छादन यांनी तडकणे कमी होते. तडकलेले फळ मात्र सांधत नाही. तो संदेश कृपया पुढे पाठवू नये.